मदत हवी आहे: गावात इनडोअर हॉल बांधावा का?
मंडळी, येत्या ग्रामसभेत इनडोअर क्रीडा हॉलचा विषय आहे अन् गावात दोन तट पडलेत. जागा आठवडी बाजारामागची, जिथं पोट्टे पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात. म्हातारे म्हणतात, आधी नाल्या बांधा. पोरी म्हणतात, मे महिन्यात ४५ अंशात बाहेर कबड्डी खेळून दाखवा! खरंच आहे त्यांचं. पण नकाशात छत फक्त १५ फुटांवर, तेही टिनाचं. १३.४ बाय ६.१ मीटरचं बॅडमिंटन कोर्ट बसेल हो, पण शटल छताला नाही का लागणार? अन् उन्हाळ्यात भट्टीच होईल ती. तुमच्या गावात असा हॉल आहे का? वीजबिल कोण भरतं, चावी कोणाजवळ असते? अन् लग्नसराईत पोरांना बाहेर तर नाही काढत?