तिच्या हातचे काही : अनुभवांचा धागा

आईला जाऊन दोन वर्षे झाली. तिचे कपाट आवरताना सर्वांत खालच्या खणात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली हलव्याची बोरमाळ होती. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिने ती केली होती. साखर पिवळसर पडली होती, दोन ठिकाणी दोरा सुटला होता, काटा मात्र शाबूत होता. तेराव्यापर्यंत भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितले होते की, "तुझी आई फार हौशी होती हो." बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण डबा उघडल्यापासून तो शब्द मला खुपतो आहे.

म्हणून हे आवाहन. आपल्या आईने किंवा आजीने हाताने केलेली एक वस्तू निवडावी आणि ती कशी होत असे, एवढे लिहावे. त्यागमूर्ती, अन्नपूर्णा, मायेचा सागर ही विशेषणे आपण सर्वांनी श्रद्धांजलीच्या फलकांवर पुरेशी वाचली आहेत.

सुरुवात मी करते. काटा फुलायला कोरडी थंडी लागते, त्यामुळे हलव्यासाठी आई पहाटे चारला उठत असे. आभाळ आले की शेगडी विझवून ती मुकाट्याने दळण निवडायला बसे. निखाऱ्यांवर राख पसरून आच मंद करायची, वर पितळी परात, परातीत मूठभर खसखस किंवा तीळ, आणि शेजारच्या पातेल्यात दूध घालून मळी काढलेला साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि तो पुरता सुकेपर्यंत बोटांची टोके दाण्यांवरून हलकेच फिरवत राहायची. मगच पुढचा चमचा. घाईने दोन चमचे ओतले की दाणे एकमेकांना धरतात, आच वाढली की साखर तांबूस पडते. रोज दोन-तीन तास असे चार-पाच दिवस चालले, म्हणजे खसखशीच्या दाण्याला अंगभर काटे येत. बारीक मण्यांना खसखस आणि तीळ, मोठ्या मण्यांना साबुदाणा, कर्णफुलांच्या पाकळ्यांना कलिंगडाच्या बिया, हे तिचे ठरलेले होते. त्या दिवसांत तिच्या उजव्या हाताची बोटे भाजून इतकी खरबरीत होत की त्यांत केस अडकत, आणि म्हणून पौष संपेपर्यंत माझी वेणी घालायला ती मला शेजारच्या काकूंकडे पाठवी. पुढे नातवाच्या बोरन्हाणाला तिने मुकुट, बाजूबंद आणि बासरी केली. बासरी त्याने समारंभ संपायच्या आतच खाऊन टाकली, आणि ते पाहून ती जितकी हसली तितकी हसताना मी तिला क्वचितच पाहिले आहे.

गेल्या पौषात मी स्वतः हलवा करून पाहिला. काटा आलाच नाही. औषधाच्या दुकानात मिळाव्यात तशा गुळगुळीत पांढऱ्या गोळ्या झाल्या, आणि चूक कुठे झाली ते अजून उमगलेले नाही.

आटपाडीकडचा एक नातू

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजी वाकळा शिवायला बसे ती सुगी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखात. सोप्यात जुने लुगडे अंथरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, मध्ये धोतरांचे आणि पटक्यांचे थर, वर ठिगळांची मांडणी. आणि मग बाहेरच्या कडेने सुरू झालेला धावदोरा फिरत फिरत मध्यावर येऊन संपायचा. ठिगळे ती रंगाने जुळवत नसे, असे मला लहानपणी वाटायचे. वास्तविक ती वर्षांनी जुळवत असे. एका वाकळेच्या मधोमध एक हिरवा तुकडा आहे. १९७२ च्या दुष्काळात ती आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, तेव्हा अंगावर असलेल्या लुगड्याचा तो तुकडा. त्याच्या एका बाजूला काकांच्या खाकी चड्डीचे कापड, दुसऱ्या बाजूला आत्याच्या लग्नातला खण. त्या कामावरची सुकडी आणि रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी यांच्याविषयी ती एरवी चकार शब्द काढत नसे, पण वाकळ उन्हात घातली आणि बोट हिरव्या तुकड्यावर आले की बोलू लागे.

त्या तुकड्यावर धावदोरा दुप्पट दाट आहे. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "इरलंय बाबा ते. त्याला धरून ठेवाय लागतंय." ओली वाकळ पिळायला दोन माणसे लागतात, ओढ्यावर तिच्यासमोरचे टोक धरायचे काम नेहमी माझ्याकडे असे, आणि पीळ नेहमी तिच्याच बाजूने घट्ट बसत असे.

अमरावतीची एक लेक

मूळ लेखातल्या 'हौशी' या शब्दावर मला बोलायचे आहे, आणि ते सर्वांना रुचेलच असे नाही. माझी आई चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झाली होती. पुढे कलाशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला जावे असे तिला फार वाटत होते. त्याऐवजी लग्न झाले. मग राहिले अंगण.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे गौर झोपाळ्यावर बसलेली असते तो महिनाभर, ती रोज सकाळी सडा घालून चैत्रांगण काढी. मखरातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, मोर, फणी-करंडा, गोपद्मे असे सगळे शास्त्राप्रमाणे. फक्त हत्तीपाशी तिचा हात ऐकत नसे. रूढ चैत्रांगणातला हत्ती चौकोनी असतो, चारही पाय खांबांसारखे उभे. आईचा हत्ती चालत असे: पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडलेला, सोंड वळवून मागे पाहणारा. असा हत्ती शास्त्रात नाही, असे माझी आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, दरवर्षी सुनावत. आई ऐकून घेई, आणि दुसऱ्या दिवशी हत्ती आणखी दोन पावले पुढे गेलेला असे. मी शब्दशः सांगते आहे. गुढीपाडव्यानंतर तुळशीजवळून निघालेला तो हत्ती अक्षय्य तृतीयेला फाटकापाशी पोचत असे.

महिन्याभराची ती चित्रे रोज संध्याकाळपर्यंत पायांखाली पुसली जात. आज माझ्याकडे एकही छायाचित्र नाही. तिला आनंद मिळत असे हे खरेच आहे, पण त्या आनंदाचे कौतुक करताना तिला काय नाकारले गेले तेही त्याच वाक्यात लिहिले जावे, एवढेच माझे म्हणणे आहे. निवृत्त झाल्यावर बाबांनी तिला जलरंगांची पेटी आणून दिली. तिने ती नातीला देऊन टाकली.

लालबागचा एक मुलगा

आई खानावळ चालवत असे. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांना मिळून चौदा गिरणीकामगार जेवत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि काही महिन्यांत त्यांतले बहुतेक जण आपापल्या गावी, कोणी कोकणात तर कोणी घाटावर, निघून गेले. बाबाही गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या मागांवर, होते, त्यामुळे त्यांचा पगार आणि आईची खानावळ दोन्ही एकदमच थांबली. गणपतीनंतर आईने आकाशकंदील करायला घेतले. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या, पतंगी कागदांचे ताव, आणि मैद्याची खळ, जिच्यात उंदरांनी आणि झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून ती चिमूटभर मोरचूद घालत असे. सांगाडा बांधणे तिचे, कडेच्या करंज्या दुमडणे बहिणीचे, शेपट्या कातरणे माझे. बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत.

एका रात्री जाग आली तेव्हा ते जमिनीवर बसले होते आणि कातरून उरलेल्या लाल-पिवळ्या पट्ट्या एकमेकींत गुंफत होते, उभी एक, आडवी एक, मागावर विणावे तशा. आईने सकाळी तो चौकोन पाहिला, काहीच बोलली नाही, आणि त्या दिवसाच्या पहिल्या कंदिलाच्या एका बाजूला साधा कागद न लावता तो चिकटवला. दुसऱ्या दिवशी पट्ट्या मोजून, सारख्या रुंदीच्या कापून तिने बाबांच्या उशाशी ठेवल्या. गिऱ्हाईक तोच कंदील मागू लागले. कल्पना कोणाची, असे कोणी विचारले तर ती म्हणे, "आमच्यात एक विणकर आहेत." आज माझ्या मुलीला तसला कंदील करायला आईनेच शिकवले आहे, फक्त मोरचूद घरात आणायची नाही, अशी माझ्या पत्नीची सक्त ताकीद आहे.

फोंड्याहून

माझी आजी अबोलीच्या फाती, म्हणजे केसांत माळायच्या वेण्या, गुंफत असे, केळीच्या सोपाचा ओला दोर घेऊन, डोळे फुलांवर न ठेवता. शेवटच्या दोन वर्षांत तिला आमची नावे आठवत नसत. पुढ्यात फुलांची परडी ठेवली की फात मात्र तशीच सरळ उतरत असे. यापेक्षा अधिक मला लिहिता येत नाही.

वेल्ह्याकडचा एक नातू

वस्तू लिहा असे म्हटले आहे. माझ्या आजीने केलेली गोष्ट हातात धरता येत नाही, तरी लिहितो. ती जात्यावर ओव्या रचत असे. ऐकलेल्या पुष्कळ होत्या, पण कित्येक तिच्या स्वतःच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे कळल्यावर आपल्या घरातल्याही जपाव्यात असे मला वाटले आणि मोबाइल घेऊन मी तिच्यासमोर बसलो. तिला एकही आठवेना. गावात पिठाची गिरणी आल्यापासून जाते गोठ्यात पडून होते. ते धुऊन आणले, खुंटा ठोकला, नाचणीची मूठ जात्याच्या तोंडात टाकली, आणि दोन फेरे झाल्यावर तिचा आवाज आपोआप लागला. ही ओवी घाटाखाली दिलेल्या माझ्या आत्यासाठी तिने रचलेली आहे :

नाचणीचं पीठ पडं जात्याच्या कडंकडं
लेकीचं गाव माझ्या डोंगराच्या पलीकडं

ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर इतकी आहे की निम्मे शब्द ऐकू येत नाहीत. जाते थांबवून म्हणायला सांगितले तर ती थांबते आणि ओवीही थांबते. आत्याला ते पाठवले, तेव्हा तिने शब्दांविषयी काहीच विचारले नाही. जात्याचा खुंटा सैल वाजतो आहे, पाचर मारून घे, असे म्हणाली.

नाशिकहून

हा धागा मी रोज रात्री माझ्या आईला वाचून दाखवते. तिचे वय चौऱ्याऐंशी आहे, दिसायला कमी झाले आहे आणि कान उत्तम आहेत. अमरावतीच्या हत्तीला ती मनापासून हसली आणि वाकळेच्या वेळी बराच वेळ गप्प बसली. परंतु पहिल्या दिवसापासून तिचे लक्ष हलव्यात अडकले आहे. आज तिने मला लिहायलाच बसवले. तिचा प्रश्न जसाच्या तसा देते : "त्या मुलीला विचार, पाक सुकला की परातीच्या तळाशी साखरेची भुकटी जमते, ती काढून परात मधूनमधून स्वच्छ पुसली होती का? आणि पंखा लावला होता की हलवा बंद स्वयंपाकघरात केला?"

धागा सुरू करणारी

आजींना माझा नमस्कार सांगावा. परात एकदाही पुसली नव्हती. भुकटी वाया जाऊ नये म्हणून उलट मी ती दाण्यांतच ढकलत होते, आणि खिडक्या बंद होत्या. आई दर थोड्या वेळाने उठून हलवा सुपात काढत असे आणि फडक्याने परात पुसत असे, हे आत्ता डोळ्यांसमोर आले. मला वाटायचे, ती पाय मोकळे करायला उठते. साबुदाण्याला किती दिवस लागतात, तेही कृपया विचारून ठेवावे.