आखाजीला घरी असणारा फोटोग्राफर आहे का कोणी खान्देशात?

नमस्कार मंडळी. पाचोऱ्याजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे, अकरा वर्षं झाली लग्नाच्या ऑर्डरी करतोय. आता आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीएवढा सण, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पण तोच साडेतीन मुहूर्तांतला दिवस, म्हणजे त्या दिवशी मी हमखास कुणाच्या तरी मांडवात. वडील गेल्यापासून पितरांची घागर मी भरायला पाहिजे, ती दरवर्षी धाकटा भाऊ भरतो, वर डांगर आणि आंबे ठेवून मला फोटो पाठवतो.

यंदा एरंडोलहून रात्री परत येताना गाडीत बहिणीचं स्टेटस बघितलं. माझी सात वर्षांची पोरगी निंबाच्या झोक्यावर, फोटो हललेला, पाय कापलेले, पण काय हसत होती! तो फोटो मी काढलेला नाही हे मनाला फार लागलं. दोन हार्ड डिस्क भरून लोकांच्या पोरीबाळी आहेत माझ्याकडे. आधी आजीकडून गौराईची अहिराणी गाणी वहीत उतरवून घ्यायचो, ती वही पण तीन वर्षं झाली उघडली नाही. तुम्ही लोक सिझनमध्ये घर आणि छंद कसं सांभाळता?

भुसावळची वहिनी
भाऊ, मी फोटोग्राफरचीच बायको आहे म्हणून लिहिते. दाट तिथीला घरी थांबा असं मी ह्यांना कधीच म्हटलं नाही कारण त्याच चार महिन्यांवर वर्षाचं घर चालतं, मला त्रास होतो तो घरी आल्यावरचा, रात्री दोनपर्यंत सिलेक्शन आणि अल्बम डिझाइन, जेवणाचं ताट कीबोर्डशेजारी. शेवटी आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, आणि आपल्या कानबाई देवीचा सण श्रावणातच, नागपंचमीनंतरच्या रविवारी. मग ठरवलं, कानबाईला रोटांचं दळण दळण्यापासून विसर्जनापर्यंत हे घरचे, वाढदिवस, साखरपुडा काहीच घ्यायचं नाही. दोन पार्ट्या नाराज झाल्या, होऊ द्या.

तापीकाठचा
वहिनींचं बरोबर आहे. आमचा पौष असाच मोकळा असतो, मी पोरांना घेऊन पहाटे हतनूर धरणावर जातो, थंडीत बाहेरून आलेले पक्षी असतात तिथं. मोठ्या लेन्सची बॅग घरीच ठेवतो, एक दुर्बीण फक्त, कारण कॅमेरा हातात आला की माझं लक्ष पोरांवर राहत नाही हे मला कळून चुकलंय. मागच्या वेळी लहान्याने चक्रवाकाची जोडी माझ्याआधी ओळखली, तो भगवा रंग उन्हात काय दिसतो! येताना शेतात भरीत, कळण्याची भाकरी, मग घर.

चाळीसगावचा आबा
बेटा, मी रोल धुण्याच्या काळातला माणूस. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले शेवटचे एक-दोन मी घरासाठी राखून ठेवायचो, माझ्या मुलांचे जे काही फोटो आहेत ते सगळे त्यातलेच.

दुसरं, एकदा आमच्या गावी येऊन फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघून जा, स्टेशनजवळच आहे. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले. आयुष्याची कितीतरी वर्षं त्या बंगल्याबाहेर पडले नाहीत, लग्न केलं नाही, पण घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून त्यांनी असे फोटो काढले की खरा देखावाच वाटावा. शिवाय सतार, चित्रं, मूर्ती, कागदाच्या घड्यांच्या वस्तू. त्यांना कोणाची ऑर्डर नव्हती. तू ऑर्डर नसताना कॅमेरा शेवटचा कधी उचललास, आठवून बघ. आणि आजी आहे का अजून? असेल तर ती वही आजच काढ.

पाचोऱ्याचा (प्रश्न विचारणारा)
आबा, आजी आहे, ब्याऐंशीची. तुमचं वाचून काल रात्री वही शोधली, कपाटावर जुन्या अल्बमच्या खोक्यात होती. चार गाण्यांची शेवटची कडवी लिहायची राहिली होती, आजीला विचारलं तर तीन तिला पाठ, चौथं आठवेना. पोरगी मांडीवर बसून ऐकत होती, मधेच म्हणते, पप्पा, मना बी फोटू काढा ना. दोघींचा काढला, ट्यूबलाइटच्या उजेडात, फ्लॅश न लावता. वहिनी, कानबाईचा रविवार डायरीत लाल पेनाने मारून ठेवलाय. आखाजीचं अजून सुटलेलं नाही, पुढच्या वर्षीचा ॲडव्हान्स आलाय, पण पार्टीला विचारतोय की सकाळी घागर भरून दहा वाजता पोचलो तर चालेल का, तोवर हळदीचं माझा असिस्टंट बघेल. चौथ्या गाण्याचं शेवटचं कडवं कोणाच्या आईला-आजीला येत असेल तर कळवा, 'गौराई' वरून सुरू होतं, पूर्ण ओळी उद्या टाकतो.