रजा संपताना : दूध, डोकं आणि आपलं नाव

‘आता तू आई आहेस’ हे ऐकून ऐकून स्वतःचं नाव अनोळखी वाटायला लागतं, यावर खूप लिहून झालंय. इथे पुढचं हवंय : बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतताना नेमकं काय करायचं? कहाण्या नकोत, कृती सांगा. खाली पाच टोपणनावांनी आलेली उत्तरं.

शेवंता : रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी दूध काढायचा पंप सुरू करा. सकाळी पाजल्यावर तासाभराने, 10-15 मिनिटं. सुरुवातीला 20-30 मिली निघालं म्हणून दूध आटलं असं नसतं. पण घासून दुखत असेल तर फनेलचं (पंपाचा स्तनावर बसणारा भाग) माप चुकलंय, ते बदला. 60-90 मिलीचे वाटे करा, प्रत्येकावर तारीख. बाहेर 4 तास म्हणतात ते 25 अंशांपर्यंत. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये थेट फ्रिज. तिथे 4 दिवस टिकतं, पण आतल्या बाजूला ठेवा. दार सारखं उघडतं. वर साय धरली तर हलक्या हाताने फिरवा. साबणासारखा वास आला की बायका ओतून देतात! तो बहुतेकदा लायपेजमुळे (दुधातलंच, चरबी फोडणारं विकर) येतो, दूध नासलेलं नसतं. कोमट पाण्यात वाटी धरून गरम करा, मायक्रोवेव्ह नको. एखादा घोट चटका देतो. बाटली नाकारली तर वाटी-चमचा, आणि भरवणारी व्यक्ती आई नको. आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघत नाही.

हजेरीपट : मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा मिळते, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. इथेच गणित फसतं : आठही आधी संपवले तर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं, उष्टावण अजून लांब. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आहे. तोंडी विचारू नका, ईमेल करा. पंपासाठी जागा मागताना ‘आतून कडी, प्लग पॉइंट, खुर्ची’ असं लिहून द्या, नाहीतर स्वच्छतागृह दाखवतात.

रातपाळी : प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनचं आईचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, तर डॉक्टरांकडे जा. प्रसूतीनंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिनबरा प्रश्नावलीत 10 प्रश्न आहेत, मागच्या 7 दिवसांबद्दलचे. दहावा स्वतःला इजा करण्याबद्दल. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी भेटा, बाईला एकटी ठेवू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. त्यातला बिघाडही असाच दिसतो. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन : 14416, मोफत, चोवीस तास. ‘डिंकाचे लाडू खा, बरं वाटेल’ हा उपचार नव्हे.

दप्तर : नावाचं थोडक्यात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात क्रम असा : बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. जन्मनोंद 21 दिवसांत करा. रुग्णालयाच्या फॉर्मवर आईचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, हे सही करण्याआधी बघा. एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं झालं की दुरुस्तीचे हेलपाटे.

लसकार्ड : ‘मदत’ मागू नका, अख्खं काम द्या. 6, 10, 14 आठवड्यांच्या लसी बाबाकडे, म्हणजे तारीख लक्षात ठेवणं, कार्ड, रांग, आणि रात्री ताप आला तर जागणंही. टोपडं घरी राहिलं तर राहू दे. आठवण करायला फोन केलात की काम परत तुमच्याकडे.