लिश्टनस्टाइन हा वेगळा देश आहे हो
वर कुणीतरी लिश्टनस्टाइन म्हणजे स्वित्झर्लंडचाच एक जिल्हा असं लिहिलंय, तसं नाहीये. चलन स्विस फ्रँक आणि १९२४ पासून कस्टम्स पण एकत्र, त्यामुळे घोळ होतो खरा. जेमतेम १६० चौ. किमी, लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास, विमानतळ नाही.

इतिहास मात्र भारीये. हे लिश्टनस्टाइन घराणं राहायचं तिकडे व्हिएन्नाला, पैसा रग्गड, पण थेट पवित्र रोमन सम्राटाच्या (तेव्हाच्या जर्मन भाषिक मुलखाचा बादशहा) अखत्यारीतली जमीन नाही म्हणून साम्राज्याच्या सभेत खुर्ची मिळेना, मग काय, १६९९ ला शेलेनबर्ग आणि १७१२ ला फाडुट्स या दोन जहागिऱ्या चक्क विकत घेतल्या आणि १७१९ मध्ये सम्राटाने दोन्ही जोडून घराण्याचंच नाव दिलं. आणि राजेसाहेब तिथे कायमचे राहायला कधी आले? १९३८ ला!

सैन्य १८६८ मध्येच बंद केलं. त्याआधी १८६६ च्या ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धात ८० जण गेले नि ८१ परत आले असं सांगतात, वाटेत एकाशी दोस्ती झाली म्हणे (खरंखोटं देव जाणे). बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मात्र १९८४ मध्ये मिळाला, तोही फक्त पुरुषांच्या सार्वमतात काठावर पास होऊन.