केशराची कुक्षी लालभडक, जनुक मात्र दिसत नाही (मदत हवी आहे)

पिपेटवाली:
मंडळी, जरा घाई आहे. केशराच्या कुक्षीत (फुलातल्या लाल तंतूंत) क्रोसिन हे रंगद्रव्य बनवणारं जनुक किती चालू आहे, ते क्यूपीसीआरने (जनुकाचा आरएनए मोजायच्या चाचणीने) मोजतेय. अर्क पिवळाजर्द, म्हणजे क्रोसिन भरपूर. पण जनुकाची अभिव्यक्ती जवळपास शून्य! आरएनए चांगला आहे, मशीनही ठीक. परवा गाइडना आकडे दाखवायचेत. कुठे अडतंय?

रानभूल:
जनुक कुठलं, ते तर सांगा! कुक्षी कधी खुडल्या, कळीतून की उमललेल्या फुलातून?

खडूसकाका:
'चांगला' म्हणजे किती? २६०/२३० गुणोत्तर (शुद्धतेचं माप) द्या. आरएनए काढायच्या तयार किटवर माझा काडीचा भरवसा नाही. सीटॅब रसायनाच्या पद्धतीने काढा.

पिपेटवाली:
काका, २ च्या वर आहे. जनुक अर्थातच झेडसीडी. फुलं उमललेली, नाहीतर लाल रंग कुठून येणार?

रानभूल:
घ्या! झेडसीडी २००३ मध्ये गाजलं खरं, पण पुढे ते सीसीडी४ या दुसऱ्याच जनुकाचं तोकडं रूप निघालं. झिअॅझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचा रेणू दोन्ही टोकांना तोडून क्रोसेटिनची (ज्यापासून क्रोसिन बनतं त्याची) वाट मोकळी करतं ते सीसीडी२, २०१४ मधला शोध. प्राइमर (जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्याचे मागवा.

मातीमोल:
खोलीत कंद लावलेत. पानं गवतासारखी माजलीत, फूल एक नाही. हेच जनुक बंद असेल का?

रानभूल:
नाही हो, ते रंगाचं जनुक. कंद बारीक असतील. वेगळा धागा काढा.

खडूसकाका:
नुसते प्राइमर बदलून भागणार नाही. पाकळ्याही घ्या. डीएनए तोच, पण तिथला जांभळा रंग अँथोसायनिन या वेगळ्या रंगद्रव्याचा. तुलनेला काहीतरी नको?

रानभूल:
पाकळ्या घ्या, पण मूळ अडचण वेळेची आहे. सीसीडी२ची धावपळ कुक्षी पिवळी-नारिंगी असताना, कळी मिटलेली असतानाच. लाल होईपर्यंत जनुक मंदावलेलं असतं. क्रोसेटिनला ग्लुकोज जोडून झालेलं क्रोसिन रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) साठून राहतं, म्हणून रंग दिसतो. पिवळी, नारिंगी, लाल, तिन्ही अवस्था वेगवेगळ्या खुडा.

चहाबाज:
त्यापेक्षा फिक्या रंगाच्या झाडाशी संकर करून बघा ना.

खडूसकाका:
केशर त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, एकूण २४. म्हणून बीच धरत नाही, संकर कसला करताय!

पिपेटवाली:
हंगाम संपला, आता मिटलेल्या कळ्या कुठून आणू? उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये थोड्या आहेत, पण सगळ्या अवस्था एकाच पिशवीत.

रानभूल:
कोरड्या बर्फावर (ड्राय आइसवर) उघडून रंगानुसार वेगळ्या करा, वितळू देऊ नका.

खडूसकाका:
संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत आकडे काढतात ते) कुठलं वापरलंत, ते अजून सांगितलंच नाही.