मदत हवी आहे: वाढदिवसांची क्वेरी हळू, कॅश शिळा

एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो. सभासद चार लाखांच्या आसपास, डेटाबेस पोस्टग्रेस. पुढच्या सात दिवसांतले वाढदिवस प्रत्येक शाखेला दिसायला हवेत. जन्मतारखेवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) आहे, पण वर्ष सोडून नुसता महिना-दिवस तपासायचा म्हटलं की एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) सीक्वेन्शियल स्कॅनच, म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचणं. टू-चारवर (तारखेचा मजकूर करणारं फंक्शन) इंडेक्स करायला गेलो, तर फंक्शन इम्युटेबल, म्हणजे त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारं, नाही म्हणून पोस्टग्रेसने परत पाठवलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 'पासून-पर्यंत' उलटं होतं आणि यादी रिकामी येते, ते वेगळंच.

म्हणून निकाल २४ तास रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात (कॅशमध्ये), ठेवला. आता कुणी रात्री अकराला यादी उघडली की दुसऱ्या रात्री अकरापर्यंत तीच. परवा एका काकांना शाखेतून आदल्या दिवसाच्या शुभेच्छा गेल्या. काका हसले, मॅनेजर नाही. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. काय करू?

प्रतिसाद १
महिना गुणिले १०० अधिक दिवस असा आकडा काढा. १५ ऑगस्ट म्हणजे ८१५. एक्स्ट्रॅक्टने (तारखेतून महिना, दिवस काढणारं फंक्शन) काढलात तर पोस्टग्रेस कुरकुर करणार नाही, फक्त कॉलम डेट हवा, टाइमझोनवाला टाइमस्टँप नको. आवृत्ती १२ किंवा पुढची असेल तर जनरेटेड कॉलमच (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणारा) करा आणि शाखा व आकडा मिळून इंडेक्स लावा. 'पासून-पर्यंत' सोडाच. सात तारखांचे सात आकडे कोडमध्ये बनवून क्वेरीच्या इनमध्ये (यादीतल्या कुठल्याही आकड्याशी जुळवणारी अट) द्या, १२३१ च्या पुढे १०१ आपोआप येतो. लीप नसलेल्या वर्षी २२८ सोबत २२९ घाला, नाहीतर २९ फेब्रुवारीवाले बिचारे चार वर्षं वाट बघतील.

कॅशच्या 'की'मध्येच (नोंद ज्या नावाने ठेवतो ते नाव) शाखा आणि भारतीय तारीख घाला. दिवस बदलला की ही 'की' बदलते, मुदत उरते ती फक्त जुनं साफ करायला. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच असते, तेव्हा आशिया/कोलकाता धरूनच 'आज' काढा. आणि कॅशमध्ये सभासद क्रमांकच ठेवा. मेसेज पाठवताना सभासद हयात आहे का हे टेबलातून पुन्हा बघा. वारलेल्या माणसाला शुभेच्छा गेल्या तर घरचे हसणार नाहीत.

धागाकर्ता
जमलं, आभार! फक्त मे संपत आला की पुन्हा स्कॅन. मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली १ जून, आमच्याकडे हजारोंची!

प्रतिसाद १
तो प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) दोष नाही. एवढ्या ओळी आणायच्या तर स्कॅनच स्वस्त पडतो. त्या आठवड्याची यादी पहाटेच जॉब लावून कॅशमध्ये भरा.