मंत्री नसलेला लोकप्रतिनिधी पर्यावरणाचे कायदे कसे घडवतो? फ्रॅन पॅव्हली यांच्या कारकिर्दीविषयी प्रश्न

पाणवठा (प्रश्न):
मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी कॅलिफोर्नियाच्या फ्रॅन पॅव्हली यांच्यावर प्रकल्प लिहीत आहे. शाळेत शिकवणाऱ्या आणि अगोरा हिल्स या लहान शहराच्या पहिल्या महापौर झालेल्या पॅव्हली 2000 ते 2006 या काळात तेथील विधानसभेत आणि 2008 ते 2016 या काळात राज्य सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, होत्या. मोटारींच्या धुरापासून भूजलापर्यंतचे कायदे त्यांच्या नावावर आहेत. आपल्याकडे आमदाराचे अशासकीय विधेयक मांडले जाते आणि बहुधा तिथेच राहते. मग त्यांचे हे यश व्यक्तीचे मानावे की व्यवस्थेचे?

जुनी फाईल:
व्यवस्थेचा भाग आधी बाजूला काढावा लागेल. तिकडे मंत्रिमंडळ विधिमंडळात बसत नाही, त्यामुळे गव्हर्नरला, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला, हवे असलेले विधेयकही कोणा सदस्यालाच मांडावे लागते. म्हणजे केवळ विधेयकावर नाव असणे ही तेथे असाधारण गोष्ट नाही. असाधारण आहे ती पॅव्हली यांनी केलेली विषयाची निवड आणि मसुद्याची बांधणी.

मोटारींतून निघणाऱ्या हरितगृह वायूंवर मर्यादा घालण्याची कल्पना ब्लूवॉटर नेटवर्क या संस्थेने त्यांच्याकडे आणली तेव्हा त्या सभागृहात नवख्या होत्या. अशा सदस्याने मोटार आणि तेल या दोन्ही उद्योगांचा रोष ओढवून घेणे किती अवघड असते, हे विधानभवनाचे कामकाज जवळून पाहिलेल्या कोणालाही कळेल. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी 22 जुलै 2002 रोजी स्वाक्षरी केलेल्या त्या कायद्यात, म्हणजे एबी 1493 मध्ये (एबी म्हणजे विधानसभेत मांडलेले विधेयक, एसबी म्हणजे सिनेटमध्ये मांडलेले), घट किती करायची याचा आकडा नाही. जास्तीत जास्त शक्य आणि खर्चाच्या दृष्टीने परवडणारी घट ठरवण्याचे काम राज्याच्या हवा संसाधन मंडळावर सोपवले आणि 2009 व त्यापुढच्या मॉडेलांना नियम लागू होतील असे म्हटले. शिवाय नवा कर लावणार नाही, मोठ्या गाड्यांवर बंदी घालणार नाही, वाहनांचे वजन किंवा वेगमर्यादा कमी करायला लावणार नाही, हे कलमांतच लिहून टाकले. विरोधकांचा प्रचार नेमका याच भीतीवर उभा होता. तुमच्या प्रकल्पात या कलमांना स्वतंत्र जागा द्या, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पुढचा अडथळा वॉशिंग्टनमध्ये होता. केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याप्रमाणे कॅलिफोर्निया वाहनांसाठी स्वतःचे कडक निकष करू शकते, मात्र त्यासाठी केंद्रीय पर्यावरण संस्थेची परवानगी लागते. ती डिसेंबर 2007 मध्ये नाकारली गेली आणि जून 2009 मध्ये मिळाली. तोवर डझनाहून अधिक राज्यांनी तेच निकष स्वीकारले होते, आणि त्यानंतरचे राष्ट्रीय निकषही त्याच दिशेने आखले गेले.

काठावरचा:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सगळे श्रेय एका नावावर जमा करू नये. 1990 च्या पातळीपर्यंत उत्सर्जन 2020 पर्यंत खाली आणण्याचा 2006 चा एबी 32 हा कायदा सभापती फाबियन नुन्येझ यांच्यासह झाला, आणि त्यावर रिपब्लिकन गव्हर्नर श्वार्झनेगर यांची स्वाक्षरी आहे. 2010 मध्ये तो कायदा स्थगित करण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला. तसेच 2013 चा एसबी 4 टाळू नका. खडक फोडून तेल काढण्याच्या पद्धतीवर संपूर्ण स्थगिती हवी असलेल्या पर्यावरण संघटना त्या कायद्यावर नाराज होत्या. पॅव्हली यांनी परवाना, रसायनांची जाहीर माहिती आणि भूजलाची तपासणी एवढ्यावर तडजोड केली. माझ्या मते ती तडजोड योग्य होती, कारण त्याआधी या कामावर राज्याचे म्हणावे असे नियंत्रणच नव्हते.

व्हॅलीतील मराठी:
मी कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन या शेतीच्या खोऱ्यात राहते. 2014 च्या दुष्काळात इथल्या ईस्ट पोर्टरव्हिलमध्ये घरोघरच्या विहिरी आटल्या आणि लोकांना टाकीच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. बदामाच्या बागांसाठी खोल विंधन विहिरी घेतल्या जात होत्या आणि खालची जमीन खचत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या भूजल कायद्याच्या तीन विधेयकांपैकी दोन पॅव्हली यांची होती. स्थानिक संस्थांनी आराखडे करायचे आणि सर्वाधिक अतिउपसा झालेल्या खोऱ्यांनी 2040 पर्यंत समतोल साधायचा, अशी त्याची रचना आहे. ही मुदत मला फार लांबची वाटते. ज्याची विहीर आज कोरडी आहे, त्याला 2040 चा काय उपयोग? तरीही पहिल्यांदाच उपशाचा हिशेब मागितला गेला, हे मी नाकारणार नाही.

पाणवठा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपला महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 चा असला तरी तो 1 जून 2014 पासून, म्हणजे त्याच वर्षी लागू झाला. त्यामुळे भूजलाचे प्रकरण मी तुलनेसाठी घेते. तेथील सदस्याला ठरावीक वर्षांनंतर सभागृह सोडावे लागते, या कालमर्यादेचा विचारही मी आधी केला नव्हता. 2030 पर्यंत उत्सर्जन 1990 च्या तुलनेत 40 टक्के कमी करण्याचे एसबी 32 हे विधेयक 2015 मध्ये विधानसभेत अडले आणि 2016 मध्ये, त्यांच्या शेवटच्या वर्षी, मंजूर झाले. आणखी एक वर्ष अडले असते तर ते मांडायला त्या सभागृहात नसत्या.